गाव नेमकं सुरू कुठून होतं? (धडगावच्या पाड्यावर नवीन शिक्षिका)

बोरीकाठची:

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली, बोरी नदीकाठच्या गावातली. जूनमध्ये नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगावला जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. आदेशावर नगरपंचायतीचं नाव होतं, धडगाव वडफळ्या रोषमाळ बुद्रुक, त्यामुळे घरी सगळ्यांना हायसं वाटलं की पोरीला शहर मिळालं. इथे येऊन पाहिलं तर बाजारपेठेचा रस्ता, तहसील, बँक, एसटी स्टँड एवढं मागे पडलं की वावरं सुरू. माझी शाळा स्टँडपासून पाऊण तास चालून आहे. एक नाला, दोन टेकड्या. हद्द मात्र नगरपंचायतीचीच.

आमच्याकडे गाव म्हणजे दरवाजा, पार, मारुतीचं देऊळ, गल्ल्या, आणि गावाबाहेर वावर. इथे एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर, मध्ये ज्वारी आणि मका. पहिल्याच आठवड्यात पाणी भरून येणाऱ्या एका बाईंना विचारलं, "गाव किती लांब आहे अजून?" त्यांनी हंडा डोक्यावर तसाच ठेवून मोकळा हात चहूकडे फिरवला. मला तेव्हा काही उलगडलं नाही. पटावर सत्तावीस मुलं आहेत. त्यांच्या सगळ्यांच्या घरी एकदा जाऊन यायला मला तीन रविवार लागले.

आता खरी अडचण सांगते. दुसरीत एक मुलगी आहे. जूनमध्ये मराठीचा एक शब्द बोलत नव्हती, घरी पावरीच, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींची भाषा बोलतात. आता वजाबाकी तोंडी करते, हातच्याची सुद्धा. परवा तिचे वडील शाळेत आले. दिवाळी झाली की गाडी येणार, ऊसतोडीला गुजरातेत जायचं, ही पण येणार, धाकट्याला सांभाळायला. मी पटावरची नावं घेऊन बसले तर सत्तावीसपैकी चौदा मुलं अशीच जाणार आहेत. सोबतचे सर म्हणाले, दरवर्षीचंच आहे, होळीला येतात परत. ते वाईट मनाने बोलले नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही.

डोंगर हिरवागार आहे, घरात कणगी भरलेली दिसते, मग जावं का लागतं? आणि मुलांना थांबवायला मी माझ्या पातळीवर काय करू शकते? या भागात राहिलेल्या, काम केलेल्या माणसांनी कृपया सांगावं.

चालक मामा, शहादा:

बेटा, मी एसटीत चालक होतो, निवृत्त झालो. शहादा आगाराच्या गाड्या त्या डोंगरात खूप वर्षं नेल्या. शिकवण्यातलं मला कळत नाही, रस्त्याचं सांगतो.

पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड येते. एकदा भर पावसात गाडीपुढे दगड पडले. मी म्हटलं, आता रात्र इथंच. तर मागच्या सीटवरची पावरा मंडळी, बायका सुद्धा, न बोलता खाली उतरली आणि दगड बाजूला करायला लागली. दीड तासात गाडी निघाली. कुणी माझ्याकडे चहाचे पैसे मागितले नाहीत की मोठ्या आवाजात काही बोललं नाही. त्या लोकांचा स्वभाव तुला त्यावरून कळेल.

दिवाळीनंतर याच घाटातून मी ट्रक उतरताना पाहिलेत. भांडी, कोंबड्या, पोरं, म्हाताऱ्या, सगळं एकावर एक. मला समोरून गाडी घेऊन थांबावं लागायचं. पोरं हात करायची. होळीच्या आधी तीच पोरं माझ्या गाडीत बसून परत यायची, अंगावर नवा कपडा असायचा, पण हाडं वर आलेली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तू विचारलंस म्हणून आठवलं.

एक सांगतो. जिथं राहतेस तिथल्या बायकांसोबत बाजाराला चालत जात जा. सोबत चालल्यावर माणूस आपला होतो. आणि घरून येताना कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ जरा जास्त आण, तिथं आपल्यासारखं कळणं मिळत नाही.

डोंगरवाट:

मॅडम, मी याच नगरपंचायतीच्या हद्दीतला. पावरा. तिसरीत असताना मी स्वतः त्या ट्रकमध्ये होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या गावाचा प्रश्न. आमच्याकडे माणूस वावरातच राहतो. रात्री रानडुक्कर, दिवसा माकड, पीक राखायचं तर माणूस पिकाशेजारी पाहिजे. दुसरं म्हणजे चाळीस घरं एका जागी बसतील एवढी सपाट जागाच डोंगरात नाही. मुलगा वेगळा निघाला की बापाच्या वावराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं चार खांब रोवता येतील तिथं घर बांधतो. अशी आठ-दहा घरं झाली की तो पाडा, किंवा फळी. आमचे म्हातारे सांगतात, वडफळ्या नावातली फळी ती हीच. त्या बाईंनी हात चहूकडे फिरवला, तेच बरोबर उत्तर होतं.

आता जमीन. तुमच्याकडे काळी माती पुरुषभर खोल. आमच्याकडे वीतभर खणलं की मुरूम, त्याखाली काळा दगड. डोंगराच्या तुमच्याकडच्या उतारावरचं पाणी तापीला जातं. आमच्या अंगावर पडतं ते उदई नदीतून नर्मदेला जातं आणि जाताना माती घेऊन जातं. म्हणून आम्ही एका वावरात एकच पीक घेत नाही. मका, ज्वारी, त्यात उडीद, तूर. वरच्या उतारावर, जिथं नांगर धड चालत नाही, तिथं भगर आणि बर्टी. तुम्ही आता शाळेच्या वाटेवर जो पिवळा पडत चाललेला उतार बघता, ती भगर असणार. तुमच्याकडे ती एकादशीला खातात, आमच्याकडे रोजचा घास आहे. पण तिची साल काढणं म्हणजे बाईच्या हाताचा जीव घेणं. म्हणून पुष्कळ घरं सालासकट विकून टाकतात. ती नाशिककडच्या गिरण्यांत जाते आणि पांढरी होऊन पिशवीत येते. मधला पैसा डोंगरात राहत नाही.

तुम्ही विचारलं, कणगी भरलेली दिसते. दिसते ती खरी आहे. आमच्या घरात दाणा होळीपर्यंत पुरायचा, पैसा मात्र दिवाळीलाच संपायचा. तेल, मीठ, कपडा, दवाखाना, बियाणं, सगळं रोख. लग्न असलं तर देज, आमच्यात ते मुलाच्या बापाने मुलीच्या घरी द्यायचं असतं आणि दरवर्षी ते वाढतच चाललंय. बँकेत जावं तर सातबारा मागतात. माझ्या बापाने जी जमीन कसली ती जंगलखात्याच्या कागदावर होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा मिळायला आम्हाला किती चकरा माराव्या लागल्या, ते लिहीत बसलो तर दुसरा धागा होईल. तोपर्यंत आमच्यासारख्याला घरी येऊन रोख पैसे देणारा एकच माणूस होता, ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम. तो पावसाळ्यातच, अडचणीच्या दिवसांत, उचल, म्हणजे मजुरीतून फेडायचे आगाऊ पैसे, देऊन जातो. दिवाळीला ज्या गाडीची तुम्हाला भीती वाटते, ती श्रावणातच भरलेली असते, मॅडम. म्हणून दिवाळीच्या तोंडावर बापाला समजावून उपयोग होत नाही. त्याने पैसे आधीच खाल्लेले असतात.

मी गेलो त्या वर्षी धाकटी बहीण चालायला लागलेली नव्हती. पडावावर, म्हणजे उसाच्या फडाजवळ झोपड्या टाकतात तिथं, आई मला आणि तिला सोडून पहाटे जायची. मी तिला कडेवर घेऊन दिवसभर फिरायचो. थोडा मोठा झालो तेव्हा वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून मोळ्या बांधायला लागलो. वाढ्याच्या पात्याने बोटांच्या मधली कातडी फाटते, तिथं रात्री झोंबतं. गाडी रात्री कधीही यायची भरायला, मग सगळे उठायचे. मी पाटीवर घर सोडताना लिहिलेले पाढे होते, ते पुसले जाऊ नयेत म्हणून पाटी फडक्यात बांधून ठेवली होती. दोन महिन्यांनी सोडली तर खडू पूर्ण उडालेला. मला फार रडू आलं होतं.

परत आलो ते भोंगऱ्या बाजाराला. होळीच्या आधीचा हा बाजार, त्या दिवशी सगळा डोंगर धडगावात उतरतो. आमचे गुरुजी त्या गर्दीत उभे होते. ते बाजार करायला आलेले नव्हते. आपली मुलं आली का ते बघायला आलेले. मला बघून म्हणाले, "तुझं नाव मी कापलेलं नाही. उद्या ये." एवढंच बोलले. त्या वाक्यावर मी पुढं आश्रमशाळेत गेलो, बारावी झालो. माझ्याबरोबरच्या दोघांची नावं त्यांच्या शाळेत कापली गेली होती. ते अजून कोयता घेऊन जातात. आमच्यात बुद्धीचा फरक नव्हता.

आता एक गोष्ट तुम्ही उन्हाळ्यात बघाल ती आधीच सांगतो, म्हणजे मुलांवर रागावणार नाही. एप्रिल लागला की आमचूर. प्रत्येक घराची आंब्याची झाडं ठरलेली असतात, आमच्या आजोबांनी ती मुलांत वाटून दिली होती, झाड दुसऱ्याच्या बांधावर असलं तरी. झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, कैऱ्या उतरवायच्या, खाली पडून फुटू द्यायच्या नाहीत. घरातली सगळी माणसं सुऱ्या घेऊन बसतात. साल काढायची, कोयीपर्यंत काप घ्यायचे, आणि घरामागच्या काळ्या खडकावर पसरायचे. तो खडक दुपारी असा तापतो की पाय ठेववत नाही, आमचूर तिथंच चांगलं वाळतं. रंग पांढरा राहिला तर भाव. ढग आला की हातातली भाकर टाकून सगळे पळतात, कारण चार थेंब पडले तरी काप काळे होतात आणि व्यापारी निम्म्याने मागतो. सोलणं-कापणं रात्री उशिरापर्यंत चालतं. त्या दिवसांत मुलांची बोटं चिकाने काळी पडलेली असतात आणि ती बाकावर डुलक्या घेतात. त्यांना झोपू द्या थोडं.

बाहेरचे लोक विचारतात, कैरीच का विकत नाही, आंबा पिकवून का विकत नाही. झाड दरीत आहे, मॅडम. कैरीच्या दहा टोपल्या डोक्यावरून वर चढवायच्या, मग घाट उतरवायचा. आमचूर केलं की दहा टोपल्यांची एक टोपली होते आणि वर्षभर टिकते. रस्ता नसलेल्या माणसाने शोधलेला तो हिशोब आहे.

मी जाणं बंद केलं ते आमचुरानेच. पट्टा मिळाल्यावर बांधावर आंब्याची झाडं लावली, शेततळं झालं, खाली हरभरा घेतो. नऊ वर्षं झाली, आमच्या घरातून कुणी कोयत्यावर गेलेलं नाही. माझा मुलगा पाचवीत आहे. तुमच्या चौदा घरांत बघा, ज्यांच्याकडे झाडं जास्त आहेत आणि अंगावर उचल कमी आहे, ती घरं आधी थांबतील. त्यांच्यापासून सुरू करा.

बोरीकाठची:

दादा, हे वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. उचल श्रावणातच दिलेली असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्या मुलीच्या वडिलांना परवा बरंच बोलले, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. ते मान खाली घालून ऐकत होते. आता त्याची लाज वाटते.

मामा, कळण्याचं पीठ आणते. पण यंदा वडील नेणारच असतील, तर मुलीला इथे ठेवायचा काही मार्ग आहे का? मी खोलीत ठेवायलाही तयार आहे, पण ते योग्य होईल का कळत नाही.

मोलगीचे गुरुजी:

ताई, मी शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यात, मोलगी भागात चौदा वर्षं शिक्षक होतो. मुलीला स्वतःच्या खोलीत ठेवू नका. माया चांगली आहे, पण एकीला ठेवलं तर बाकी तेरांचं काय, आणि उद्या ती आजारी पडली तर तुम्ही एकट्या पडाल.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप गेले तरी मूल गावातच राहतं, शाळेत येतं, जेवणाची सोय शासनाच्या पैशातून शाळा व्यवस्थापन समिती करते. त्यासाठी स्थलांतर होणाऱ्या मुलांची यादी आणि समितीचा ठराव दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्रप्रमुखांकडे गेला पाहिजे. सुट्टीनंतर कागद हलवलेत तर गाडी निघून गेलेली असते. जी मुलं जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर इथं प्रवेशाला अडत नाही. आणि नाव कापू नका, हे डोंगरवाट यांनी लिहिलंय तेच मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो.

पण कागदाच्या आधी म्हातारीकडे जा. घरातली आजी सहसा ऊसतोडीला जात नाही, ती शेळ्या आणि घर राखते. मूल थांबणार की नाही ते पुष्कळदा तिच्यावर असतं. बापाला उचल फेडायला दोन जोडी हात हवेत, सात वर्षांची पोर नकोय, ती फक्त धाकट्यासाठी हवीय. धाकटं सुद्धा आजीकडे राहू शकतं का, एवढाच प्रश्न सोडवायचा असतो. माझ्या काळात एका पाड्यावर तीन आज्यांनी मिळून नऊ मुलं राखली.

भाषेचं एक. पहिली-दुसरीला पावरीत बोलू द्या. तुम्ही त्यांच्याकडून आधी आकडे शिका, मग झाडांची नावं. मुलं शिकवताना इतकी खूश होतात की तुमचं मराठी आपोआप घेतात. मी मोलगीला गेलो तेव्हा नर्मदेकाठची मुलंही वर्गात होती. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी अक्राणी (म्हणजे तुमचा धडगावचाच तालुका) आणि अक्कलकुवा तालुक्यातली. ती मुलं पाण्याखाली गेलेल्या टेकड्यांची नावं पावरीत सांगायची. मराठीत ती नावं कुणाकडेच नव्हती. मी वहीत लिहून घेतली, ती वही अजून आहे.

बोरीकाठची:

रविवारी सोबतच्या सरांना घेऊन त्या मुलीच्या घरी जाऊन आले. नाला ओलांडला तेव्हा एक चप्पल तुटली, तिनेच लांबून पाहिलं आणि पळत येऊन काट्याने टाचून दिली. आजी ओट्यावर बसून भगर कांडत होत्या. चुलीवर आढ्याला मक्याची कणसं सालाने सालाला गाठ मारून टांगलेली, धुराने काळी झालेली. मला वाटलं जुनी राहिलीत, तर ते पुढच्या वर्षीचं बियाणं, धुरामुळे कीड लागत नाही. आजींना मराठी कळत नाही, मुलीनेच मध्ये बसून इकडचं तिकडे केलं. स्वतःच्या राहण्याबद्दलचं बोलणं ती स्वतःच सांगत होती, अगदी जपून, एकही वाक्य न गाळता.

वडिलांना मी या वेळी काही समजावलं नाही. अंगावर उचल किती आहे ते फक्त विचारलं. त्यांनी आकडा सांगितला आणि मग बराच वेळ बोलत राहिले, आधी कधी इतकं बोलले नव्हते. मुलीला ठेवायला ते तयार आहेत. धाकट्याचं आजींनी अजून कबूल केलेलं नाही. त्यांचा गुडघा दुखतो, झिऱ्यावरून पाणी आणायला सुनेशिवाय कोण, असं त्या विचारत होत्या. शेजारच्या टेकडीवरच्या काकूंशी त्या बोलणार आहेत. निघताना त्यांनी ओंजळभर कांडलेली भगर माझ्या ओढणीत टाकली.

आतापर्यंत चौदापैकी सहा घरांनी हो म्हटलंय. त्यातल्या चार घरांच्या बांधाला आंब्याची झाडं भरपूर आहेत, दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बुधवारी समितीची बैठक ठेवली आहे. गुरुजी, ठरावात मुलांच्या नावांपुढे राखणाऱ्या आजीचं नाव आणि अंगठा घ्यावा लागतो का, की पालकांची सही पुरते? बुधवारच्या आत सांगितलंत तर फार बरं होईल, नंतर नेटवर्कसाठी मला टेकडीवर चढूनच यावं लागतं.

मोलगीचे गुरुजी:

पालकांची सही घ्याच, पण आजीचा अंगठाही त्याच ओळीत घ्या. मागितला नाही तरी घ्या. आणि त्या बैठकीला आज्यांना बोलवा, ओट्यावर नाही, आत वर्गात बसवा.